सपाटीला थंड, घाटात गरम

"मामानू, काटो वर गेलो."

भाच्यानं सांगायच्या आधीच माझा डोळा तिथं होता. २०२४चा एप्रिल, रात्रीचे साडेनऊ. फोंडाघाट चढायला लागून दहा मिनिटंही झाली नव्हती. मागे हौद्यात हापूसच्या ७५ पेट्या, वर ताडपत्री, आणि समोर मीटरमध्ये तापमानाचा काटा मधली रेघ सोडून लाल पट्टीकडे निघालेला. मास्तरांनी फळ्याकडे तोंड केल्यावर मागच्या बाकावरचं पोर दाराकडे सरकतं, तसा.

थोडी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली, गरमी तिथंच कोंडते. हे मी पूर्वी एकदा रेडिएटरचं पाणी अंगावर उडवून घेऊन शिकलो आहे. गाडी आयडलवर ठेवली, बोनेट उघडलं आणि बसून राहिलो. सात-आठ मिनिटांत काटा खाली. निघालो, दोन वळणं घेतली, परत वर. दाजीपूर येईपर्यंत चार वेळा थांबलो. त्या भागात रात्री गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे भाचा खाली उतरायला तयार नव्हता. आतूनच टॉर्च मारत होता, तोही इंजिनावर कमी आणि झाडीत जास्त.

आंब्याच्या गाडीला असलं थांबणं परवडत नाही. देवगडहून संध्याकाळी निघायचं, नांदगाव, फोंडा, राधानगरी करत कोल्हापुरात हायवेला लागायचं, आणि कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, कात्रज मागे टाकून पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभं राहायचं. उशीर झाला की गिऱ्हाईक हातचं गेलेलं असतं. वर ताडपत्रीखाली पेंढ्यात बसलेला आंबा त्या उबेत आणखी पिकत जातो तो वेगळाच.

गाडी २०१५ची, मी २०१९ला सेकंडहँड घेतली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, डबल चाकांची नव्हे, साधी पिकअप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. वर्षभर तालुक्यातल्या तालुक्यात सिमेंट, चिरे, मंडपाचं सामान, गणपतीत मूर्ती. मार्च संपला की आंबा. म्हणजे अंगावर लोड घेऊन लांबलचक घाट चढायची वेळ तिच्यावर वर्षातले दोन महिनेच येते, आणि तेही नेमके सगळ्यात उन्हाचे.

तापायला सुरुवात २०२३च्या सीझनला झाली. तेव्हा दोन-तीनदाच, तेही दुपारी निघालो तर. पहिला संशय रेडिएटरच्या झाकणावर, कारण ते सगळ्यात स्वस्त. या झाकणाला लोक झाकणच समजतात, पण आतली स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. ०.९ किलो दाबाचं झाकण नीट बसलेलं असेल तर आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण ११८पर्यंत दम काढतं. माझ्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. नवं घातलं, मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

मग रेडिएटर उतरवला. आमच्याकडची तांबडी माती त्या पातळ पत्र्यांच्या जाळीत अशी गच्च बसली होती की पलीकडचा उजेड दिसत नव्हता. आतही गंज होता, कारण आधीचा मालक आणि त्याच्यामागोमाग मीही कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत आलो होतो. रॉडिंग करून घेतलं, म्हणजे नळ्यांत सळया घालून गंज काढून घेतला. त्यानंतर वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बदलली. तिच्या खालच्या भोकातून थेंब यायला लागला होता, तेव्हा ती तशीही जाणारच होती. मग फॅनचा क्लच. थंड इंजिनावर पंखा हातानं फिरवला तर तो थोडा अडून फिरायला हवा. माझा भिरभिऱ्यासारखा मोकळा फिरत होता. तोही नवा घातला, चार हजार दोनशे.

यातलं एकही काम फुकट गेलं म्हणवत नाही, प्रत्येक ठिकाणी खरोखर काहीतरी सापडत होतं. घोळ तिथंच झाला. दर वेळी काहीतरी बिघडलेलं सापडायचं, त्यामुळे दर वेळी वाटायचं की हेच ते. आणि सीझन संपला की माझं घाटात जाणंच बंद, त्यामुळे तपासायला पुढच्या एप्रिलपर्यंत थांबायचं.

त्या चार थांब्यांच्या रात्रीनंतर यार्डात पोचलो तेव्हा उजाडलं होतं. माल उतरेपर्यंत बाकीच्या गाडीवाल्यांत जाऊन बसलो. ही बैठक मला आवडते. कुठल्याही सर्व्हिस सेंटरपेक्षा तिथं जास्त कळतं आणि जास्त थापाही ऐकायला मिळतात. प्रत्येकाच्या गाडीला एक खोड असते, आणि मालक ती घरातल्या म्हाताऱ्याच्या तऱ्हेवाईकपणासारखी कौतुकानं सांगतो.

रत्नागिरीकडच्या एकाची गाडी सेल्फ घ्यायची नाही. तो खाली वाकून पान्यानं सेल्फवर दोन टोले मारायचा, मग घ्यायची. दोन वर्षं हेच चाललेलं. सेल्फ दोनदा उघडून झाला होता. शेवटी दोष निघाला बॅटरीकडून चासीला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती गंजून अर्धी झाली होती. मग टोल्यांनी कसं काय चालू व्हायची, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "वाकताना मी नेहमी त्या पट्टीला धरूनच वाकायचो."

दुसरा एक रोज रात्री गाडी उतारावर तोंड खाली करूनच लावायचा. तोंड वर असलं की सकाळी पंधरा मिनिटं सेल्फ मारत बसायला लागायचं. डिझेल फिल्टरजवळच्या जोडात बारीक हवा घेत होती. रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरायचं आणि सकाळी पंप नुसती हवा ओढायचा. तोंड खाली असलं तर टाकी वर राहते, डिझेल मागे जात नाही. दोन तांब्याच्या वॉशरचं काम. पण त्यानं ते करून घेतलं नव्हतं, कारण त्याच्या अंगणाला उतार होता.

तिसऱ्याचं ६० ते ६५च्या वेगाला केबिन घुमायचं, वर-खाली काही नाही. ते सगळ्यांनी एका तोंडानं ओळखलं, प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर. चौथा मागे दोन जादा पाटे टाकून आला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. यावर माझं मत वेगळं आहे. पाटे वाढवल्यानं गाडी बसत नाही हे खरं, पण चासी, एक्सल, ब्रेक आहेत तेवढेच राहतात, आणि रिकामी गाडी खड्ड्यात शेळीसारखी उड्या मारते. पण तिथं वाद घातला नाही, मला माझीच चिंता होती.

माझी गोष्ट ऐकून तिघांनी एकच विचारलं, "पाणी कमी होतं का?" होत होतं, पण खाली गळत नव्हतं. "मग हेड गॅस्केट."

माल उतरल्यावर तिथंच थंड इंजिनावर झाकण काढून गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी पाण्यात बुडबुडे यायला लागले, थांबून थांबून, पण थांबत नव्हते. सिलिंडरातला दाब पाण्यात येत होता, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, ते हेड गॅस्केट, खरंच गेलं होतं. हे बघितल्यावर पोटात खड्डा पडला.

परतताना कोल्हापुरात गाडी लावली. इंजिनाचं काम म्हटलं की आमच्या भागातला माणूस शिवाजी उद्यमनगरकडे बघतो. एका गल्लीत फाउंड्रीचा वास, पुढच्या गल्लीत लेथचा आवाज, आणि सकाळी दिलेलं हेड संध्याकाळी परत मिळण्याची शक्यता. हेड उतरवलं तर गॅस्केटची दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी काळी पडून खाल्लेली. लेथवाल्यानं हेड उलटं ठेवलं, त्यावर सरळ पट्टी आडवी धरली आणि फिलर गेजची ०.१० मिलिमीटरची पाती खाली सरकवली. पाती न अडता आत गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हेड वाकलं होतं. त्यानं तड गेली आहे का तेही दाबाखाली तपासलं, ती नव्हती. फेस मारून, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करून, घेतली, व्हॉल्व्ह बसवून घेतले, नवं गॅस्केट, नवे बोल्ट. बोल्ट आवळताना मी मुद्दाम शेजारी उभा होतो. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं. काम चोख होतं. साडेएकोणीस हजार झाले. आंब्याच्या तीन फेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्या.

घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "आता तरी झाला मा?" मी म्हटलं, झाला.

दहा दिवसांनी पुढची फेरी. ८० पेट्या. कणकवली तालुक्यातून जाताना काटा इतका खाली की मीच भाच्याला दाखवला. घाट लागला. पहिली वळणं ठीक. मग काटा निघाला.

त्या रात्री मला राग आला नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. नुकतं सरळ केलेलं हेड परत वाकायला नको म्हणून एवढ्या हळू चढलो की मागून आलेली लाकडाची ट्रकही ओव्हरटेक करून गेली. राधानगरीला पोचलो तेव्हा पहाट होत होती. रस्त्याला लागून चहाची टपरी आणि तिच्या बाजूला पत्र्याचं एक गॅरेज. एक म्हातारे गृहस्थ अंगात बंडी घालून दात घासत उभे होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते, मीही म्हणालो.

मी नेहमीची टेप लावली. झाकण, रेडिएटर, वॉटर बॉडी, फॅन, हेड. आबांनी चूळ भरली.

"घाटात तापती. कळलं. सपाटीला काटा कुठं असतोय?"

हा प्रश्न मला दोन सीझनमध्ये कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं. तक्रार घाटाची होती. सपाटीला गाडी चांगली चालते, हे चांगलंच की, त्यात सांगायचं काय?

"सपाटीला एकदम खाली असतो, आबा. रात्री तर हलतच नाही."

"थंडीत?"

आठवलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी काटा वर यायला दहा-बारा किलोमीटर लागायचे. ॲव्हरेजही साडेतेरावरून बाराच्या खाली आलं होतं. ते मी डिझेलच्या आणि टायरच्या खात्यावर टाकलं होतं.

आबांनी पुढे येऊन वरच्या होज पाइपचा जोड जिथं इंजिनाला लागतो, ती घुमटासारखी टोपी दाखवली. इंजिन थोडं थंड होऊ दिलं. दोन बोल्ट काढले. आत बोट घातलं.

"वॉल कुठाय ह्याचा? कुणी काढला?"

आणि मला सगळं एकदम दिसलं. डिसेंबर २०२२. गाडी सपाटीवरच अचानक तापली होती. आमच्या भागातल्या एका मेस्त्रीनं थर्मोस्टॅटचा वॉल अडकला आहे हे बरोबर ओळखलं आणि काढून माझ्या हातात दिला. "ह्येची आपल्याक गरज नाय. थंड देशातल्या गाड्यांका लागता ह्यो." वीस मिनिटांचं काम, पैसेही नाममात्र. मी खूश. वॉल फडक्यात गुंडाळून सीटखालच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला, आणि त्यानंतर दीड वर्ष त्या डब्यातून पाना काढताना दर वेळी तो बाजूला सारत आलो. उद्यमनगरात हेड जोडणाऱ्यांना तरी काय बोलणार? जे सुटं आलं ते त्यांनी जोडलं. वॉल आलाच नव्हता.

डबा काढून आबांच्या पुढे ठेवला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्यांच्याकडे माझ्या इंजिनाला बसणारा नवा वॉल होता. तो लगेच बसवला नाही. टपरीवाल्याकडून एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं (चहाचं नव्हे, भांडी विसळायचं), पाणी टाकलं आणि दोन्ही वॉल तारेला बांधून त्यात सोडले, माझा जुना आणि हा नवा. बूड टेकू दिलं नाही. पातेलं स्टोव्हवर ठेवलं. नव्याच्या कडेला ८२ कोरलेलं होतं. आम्ही तिघं वाकून बघत होतो, मी, भाचा आणि टपरीवाल्याचा पोरगा. पाणी नुसतं वाफाळत होतं तोवर काही नाही. तळातून बारीक बुडबुडे सुटायला लागले तशी नव्याची वरची पितळी तबकडी हळूच उघडायला लागली. आधी केसाएवढी फट, मग नखाएवढी, मग चांगलं बोट जाईल एवढी. आत मेण भरलेली कुपी असते, ते मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. जुना पाणी खळखळा उकळलं तरी ढिम्म.

"आता खाली बघ," आबा म्हणाले.

खालच्या अंगाला दुसरी एक लहान तबकडी होती. वरची उघडत होती तशी ही खाली सरकत होती. तिचं काम काय, ते आबांनी टोपी काढलेल्या भोकात टॉर्च मारून दाखवलं. आत एक बाजूची वाट दिसत होती. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता या वाटेनं परत इंजिनातच फिरतं, म्हणजे ते लवकर गरम होतं. गरम झालं की वरची तबकडी रेडिएटरचा रस्ता उघडते आणि त्याच वेळी खालची तबकडी ही आडवाट बंद करते. सगळं पाणी रेडिएटरकडे.

वॉल काढला की दोन्ही रस्ते कायमचे उघडे. सपाटीला काम कमी, थोडं पाणी रेडिएटरमधून गेलं तरी इंजिन गारच पडतं, थंडीत तर जास्तच. पण लोड घेऊन घाट चढताना जेव्हा पाण्याचा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा बरंचसं पाणी जवळच्या वाटेनं तसंच गरम परत इंजिनात. नवा रेडिएटर घाला, नवा फॅन घाला, पाणी तिथं पुरेसं पोचतच नाही. दोन सीझन असं तापून तापून गॅस्केट गेलं, हेड वाकलं. मी एकोणीस हजार खर्चून जे दुरुस्त केलं, ते या दुखण्याचं पोर होतं.

सगळ्याच इंजिनांत ही खालची तबकडी नसते. काहींत वॉल काढून गाड्या वर्षानुवर्षं चालतात, घाटातही. म्हणून तर तो मेस्त्री इतका ठाम होता. त्याच्या अनुभवात तो खोटं बोलत नव्हता.

वॉल बसवला, बारीक भोकाची बाजू वर धरून, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाते. नवं पॅकिंग. पाणी काढून कूलंट आणि स्वच्छ पाणी निम्मं-निम्मं भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, होज पाइप दाबून दाबून हवा काढली. वरचा पाइप बराच वेळ गार होता आणि मग दोन-तीन मिनिटांत एकदम कढत झाला. आबांनी माझा हात धरून त्यावर ठेवला, "हितं कळतंय, वॉल उघडला." वॉलचे साडेसहाशे, मजुरीचे दोनशे. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

त्या दिवशी आंबा दुपारी पोचला आणि जो भाव मिळाला तो इथं लिहीत नाही.

नंतर त्या सीझनला अकरा फेऱ्या झाल्या. काटा सपाटीला मधल्या रेघेजवळ येऊन बसतो, पूर्वीसारखा तळाशी नाही. सुरुवातीला ते बघूनच मला धास्ती वाटायची, खाली राहायची सवय झालेली. घाटात तो रेघेच्या किंचित वर जातो आणि तिथंच थांबतो. ॲव्हरेज तेराच्या पुढे आलं. जुना वॉल अजून डब्यात आहे.

गेल्या मे महिन्यात यार्डात राजापूरकडचा एक पोरगा भेटला. नवीन गाडी घेतलेली, तीही सेकंडहँड, आणि अणुस्कुरा घाटात तापते म्हणून रडकुंडीला आलेला. बाकीचे हेड गॅस्केटपर्यंत पोचलेच होते. मी सगळ्यांना थांबवलं आणि आबांच्या थाटात विचारलं, "सपाटीला काटा कुठं असतो?"

"खालीच असतो की, काका."

मी तिथंच पाना मागितला. टोपीचे दोन्ही बोल्ट काढले, आठ-दहा जण वाकून बघतायत, आत बोट घातलं. वॉल होता, जागेवर, चांगला घट्ट बसलेला. बोट बाहेर काढताना हात फॅनच्या बेल्टला लागला. अंगठ्यानं दाबला तर दोन बोटं खाली गेला. बेल्ट सैल होता, एवढंच.

टोपीचं पॅकिंग मात्र माझ्या उघडण्यात फाटलं. ते आणून द्यायला मला सकाळी अडीच किलोमीटर चालावं लागलं.